‘पाण्यासारखं’ इंजिन ऑइल आणि विदर्भाचं ऊन

उन्हाळा लागला की हा मेसेज न चुकता फिरतो: “नव्या गाड्यांत ०डब्ल्यू-२० हे पाण्यासारखं पातळ तेल भरतात. ते थंड देशांसाठी आहे. आपल्या ४५ अंशांत ते अजून पातळ होऊन इंजिन खातं. २०डब्ल्यू-५० टाका, ते तापलं की घट्ट होतं. कंपन्यांना फक्त मायलेज दाखवायचंय.” यातलं शेवटचं वाक्य बऱ्यापैकी खरं आहे. बाकीचं एकेक करून पाहू.

“पाण्यासारखं पातळ.” १०० अंशांना पाण्याची श्यानता, म्हणजे वाहायला होणारा विरोध, साधारण ०.२९ सेंटिस्टोक (श्यानतेचं एकक) असते. तेलाचे ग्रेड ठरवणाऱ्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०० मानकानुसार २० ग्रेडच्या तेलाची त्याच तापमानाला किमान ६.९ हवी. म्हणजे निदान तेवीस पट. डबा ओतताना तेल सळसळत येतं म्हणून ते पाणी होत नाही.

“थंड देशांसाठी.” डब्ल्यू म्हणजे विंटर, हे बरोबर. पण तो फक्त पहिल्या आकड्याला लागू आहे. ०डब्ल्यू म्हणजे उणे ३५ अंशांतही इंजिन फिरू शकेल इतपत तेल वाहतं राहतं. दुसरा आकडा १०० अंशांवर मोजून ठरतो, आणि तिथे देश कोणता हे कोणी विचारत नाही. बाजारात ०डब्ल्यू-४० सुद्धा मिळतं. चालू, तापलेल्या इंजिनात ते २०डब्ल्यू-४०च्याच पट्ट्यात बसतं.

“तापलं की घट्ट होतं.” असं कुठलंच इंजिन ऑइल नाही. २०डब्ल्यू-५० हे ४० अंशांना साधारण दीडशे सेंटिस्टोक असतं आणि १०० अंशांना अठराच्या आसपास येतं. अशा दोन आकड्यांच्या, म्हणजे मल्टिग्रेड, तेलात लांबलचक रेणूंचे पॉलिमर घातलेले असतात. थंडीत ते लोकरीच्या गुंड्यासारखे आवळलेले असतात, उष्णतेने सैलावतात आणि तेलाच्या वाहण्याला अडथळा करतात. त्यामुळे तेल *कमी वेगाने* पातळ होतं, एवढंच. ‘कमी पातळ होतं’चं ‘घट्ट होतं’ कधी झालं, ते फॉरवर्ड करणाऱ्यांनाच ठाऊक.

“आपल्या ४५ अंशांत...” खरी गोम इथे आहे. कारच्या इंजिनात थर्मोस्टॅट असतो. इंजिन थंड ठेवणारा द्रव, म्हणजे कूलंट, पुरेसा तापेपर्यंत तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो, मग उघडतो. त्यापुढे गरज पडली की पंखा लागतो. डिसेंबरचं नाशिक असो की मे महिन्यातलं चंद्रपूर, काटा नव्वदीच्या आसपासच राहतो. तेलही साधारण ९० ते ११० अंशांत खेळतं. बाहेर वीस अंश वाढले म्हणून आत वीस वाढत नाहीत. भरलेली गाडी, एसी चालू आणि समोर घाट असेल तर तेल जास्त तापतं, हे मान्य. बेअरिंगमध्ये तर ते त्याहून तापतं. म्हणूनच मानकात १५० अंशांवर, जोराच्या घर्षणाखाली घ्यायची वेगळी चाचणी आहे आणि २० ग्रेडलाही ती पार करावी लागते.

“घट्ट म्हणजे सुरक्षित” हा मेसेजमागचा समज. इंजिनाचा फिरता मुख्य दांडा (क्रँकशाफ्ट) आणि त्याला आधार देणारं बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांची असते. तेलाचा थर तिथे टिकतो तो घट्टपणा, वेग आणि भार यांच्या मेळावर, आणि फट त्या हिशेबानेच ठेवलेली असते. सकाळी इंजिन सुरू केलं की २०डब्ल्यू-५० हे ०डब्ल्यू-२०च्या तीन-चार पट घट्ट असतं. पंपावर दाब चढतो, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि बरंच तेल वर न पोचता मागे फिरतं. प्रेशर भरपूर दिसतं. प्रवाह कमी असतो. व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा याच तेलाच्या दाबावर चालते, तीही रेंगाळते.

“फक्त मायलेज.” हो, मायलेजही. पातळ तेल ढवळायला कमी ताकद लागते, आणि २०१७-१८ पासून कंपन्यांना सरासरी इंधन-वापराचे कॅफे निकष पाळावे लागतात. पण वॉरंटीत इंजिन बसलं तर खर्चही त्यांच्याच अंगावर येतो. मॅन्युअलच्या तक्त्यात ५डब्ल्यू-३० सुद्धा दिलेलं असेल तर बिनधास्त टाका. तक्त्यातच नसलेलं २०डब्ल्यू-५० मात्र नको.

मेसेजला जोडून बोटावर तेल चोळून पाहायचा सल्लाही असतो. बोट असतं तीस-पस्तीस अंशांचं. त्यावरून शंभर अंशांचा अंदाज कसा लागणार? आणि काळं दिसलं म्हणून ते खराब ठरत नाही: डिझेल गाडीत तर काजळीमुळे नवं तेलही लवकर काळं पडतं.

हवेवर थंड होणाऱ्या मोटारसायकलींना वरचा थर्मोस्टॅटचा मुद्दा लागू नाही. सिग्नलला उभं राहिलं की त्यांचं इंजिन सरळ तापत जातं, बाहेरचं ऊन तिथे खरंच जाणवतं. त्यांचा ग्रेड वेगळा असतो तो असाच नाही. शिवाय बहुतेकींचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. कारचं उरलेलं तेल मोटारसायकलीत ओतलं की त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी क्लच घसरू शकतो, आणि गॅरेजवाला क्लचप्लेट बदलून देतो.