काळी एक आणि अठ्ठेचाळीस हजार

ग्वाल्हेरात संगणक दुरुस्त करणारा माणूस शोधावा लागतो. सूर कुठे उतरला हे सांगणारा मात्र शोधावा लागत नाही, तो आपल्याच घरात पाटावर बसून जेवत असतो. हे ठाऊक असूनही आत्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला दिवंगत आतोबांच्या गाण्याची सीडी करून देण्याचे मी कबूल केले, याला माझ्या नम्रतेचा अभाव एवढेच कारण देता येईल.

आतोबा हे १९१८ साली पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या आमच्या माधव संगीत महाविद्यालयातले जुने विद्यार्थी. १९८४ च्या दिवाळीत त्यांनी घरीच यमन गायला होता आणि तो साठ मिनिटांच्या एका कॅसेटवर, स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्ट्यांसह, उतरलेला होता. महाराज बाड्यावरून मी काडेपेटीएवढी एक डबी आणली. टेपरेकॉर्डरमधून येणाऱ्या लहरीची उंची ती दर सेकंदाला ४८,००० वेळा मोजते आणि ते आकडे संगणकाला देते. आतोबांचे आयुष्यभराचे गाणे असे आकड्यांत निघालेले पाहून थोडे वाईट वाटले. पण वीजबिलाखेरीज कुठल्या आकड्यांतून मला यापूर्वी काही ऐकू आले नव्हते, म्हणून कौतुकही वाटले.

अडचण अशी की सीडीला सेकंदाला ४४,१०० नमुनेच, म्हणजे अशी मोजमापेच, चालतात. माणसाचा कान फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो आणि कोणतीही लहर पकडायला तिच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक नमुने लागतात, म्हणून चाळीस हजारांच्या वर जाणे भाग होते, हे समजण्यासारखे आहे. वरचे ४,१०० मात्र व्हिडिओच्या फितीने आणले. त्या काळी आकड्यांतला आवाज व्हिडिओच्या फितीवरच साठवत, आणि चित्राच्या एका रेघेत ३ नमुने, अशा २४५ रेघा, सेकंदाला ६० वेळा, हा गुणाकार ४४,१०० होतो. पुढे चित्रपट आणि व्हिडिओवाल्यांनी ४८,००० हा आपला वेगळा संसार थाटला, आणि या दोन घरांच्या भाऊबंदकीत मी सापडलो.

माझ्या संगणकातल्या प्रोग्रॅममध्ये नमुन्यांचा हा दर बदलण्याच्या दोन जागा होत्या. त्यांतल्या एकीने डोळ्याचे पाते लवते न लवते तोच काम उरकले, आणि कोणतेही काम इतक्या लवकर उरकले की संशय यायला हवा, हे भारतात साठ वर्षे काढूनही माझ्या लक्षात आले नाही. तिने आकड्यांना हातही लावला नव्हता. नुसती पाटी बदलून ४८,००० च्या जागी ४४,१०० लिहिले होते.

समारंभाच्या आदल्या संध्याकाळी सगळे ऐकायला बसले. तिलवाडा तालातला ख्याल सुरू झाला आणि आतोबांना जबर पडसे झाल्यासारखे वाटू लागले. कुकरची शिट्टीसुद्धा खाली उतरली होती. अर्ध्या तासाची बाजू साडेबत्तीस मिनिटांच्याही पुढे गेली. आमच्या ग्वाल्हेर घराण्याचा बडा ख्याल बेताच्या लयीत चालतो. असा पावलापावलाला थांबणारा अतिविलंबित ऐकावा तो इंदूरच्या अमीर खाँसाहेबांचा. आतेभाऊ गंभीरपणे म्हणाले, "बाबांनी घराणे कधी बदलले?"

आत्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी पेटी पुढे ओढली, भाता हलवला आणि काळी एक दाबून धरली; आतोबांची पट्टी आयुष्यभर तीच. सूर जुळेना. त्या पांढरी एकवर उतरल्या, तरी आतोबा खालीच. त्याखालची पांढरी सात दाबली तर ते वर. दरातल्या फरकाने सूर सुमारे दीड अर्धस्वर, म्हणजे पेटीच्या दीड पट्ट्या, खाली आला होता, आणि ज्या दोन पांढऱ्यांच्या मधे पेटी करणाऱ्याने काळी पट्टीही ठेवलेली नाही, नेमके तिथे आतोबा बसले होते. "अरे, हा ह्यांचा षड्ज नव्हे," आत्या म्हणाल्या. "तू काहीतरी केले आहेस."

अभियांत्रिकी शिकणाऱ्या त्यांच्या नातवाने सगळी कॅसेट १,९२,००० च्या दराने पुन्हा उतरवावी, असा सल्ला दिला. इतक्या उंच कंपनसंख्येला आमच्या कॅसेटमध्ये ऐकण्याजोगे काही नाही, आणि असते तरी माझे कान तिथवर पोचत नाहीत. मात्र दर १६० नमुन्यांमागे १४७ हवेत, हा हिशेब त्यानेच मांडला. मी म्हटले, मग तेरा काढून टाकू. तो हसला. ताटातले तेरा लाडू उचलून चालत नाही. सगळे मोडून त्याच ऐवजाचे १४७ नव्याने वळावे लागतात, म्हणजे प्रत्येक नव्या जागी लहर किती उंच असेल ते आजूबाजूच्या नमुन्यांवरून मोजून काढावे लागते. प्रोग्रॅममधल्या दुसऱ्या जागेला तेच काम होते. तिने चांगला वेळ घेतला, त्यामुळे माझा तिच्यावर विश्वास बसला.

रात्री साडेदहाला आत्यांनी पुन्हा काळी एक धरली. आतोबा तिच्यावर अलगद येऊन बसले, लय सुधारली, कुकरही मूळ पट्टीत वाजला. अंतऱ्याला मात्र तार षड्ज किंचित उतरलेला लागला. मी घाईघाईने सांगितले की रूपांतरात अजून काहीतरी राहिले असावे, उद्या पहाटे उठून बघतो.

"छे रे," पेटीचा भाता बंद करत आत्या म्हणाल्या, "तो ह्यांचाच."