सनद मिळते हो, पुढे खायचं काय?

परवा आमच्या बारच्या, म्हणजे वकील संघाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एक जुनं परिपत्रक पुन्हा टाकलं. बार कौन्सिल ऑफ इंडियाचं, म्हणजे देशभरच्या वकिलांच्या नियामक संस्थेचं, ऑक्टोबर २०२४ चं. सीनियरनी ज्युनियर वकिलांना दरमहा शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावं, असं त्यात म्हटलंय. सक्ती नाही, शिफारस आहे. खाली पहिली प्रतिक्रिया आली ती हसून लोळणाऱ्या बाहुल्याची. मग "आम्हाला कुणी दिलं होतं?" मग एका ज्येष्ठांचं, "आम्ही सीनियरच्या बॅगा उचलल्या म्हणून आज उभे आहोत." त्याला सतरा अंगठे.

ग्रुपवर ज्युनियर तीसेक तरी असतील. एकानेही तोंड उघडलं नाही. मीही नाही. म्हणून इथे लिहितेय.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुका कोर्टात एकोणीस वर्षं वकिली करते. घरात माझ्याआधी कुणी वकील नाही. वडील एसटीत कंडक्टर. पहिल्या वर्षी सीनियरकडून मला मिळाले ते दिवाळीला ५०१ रुपये आणि अर्धा किलो सोनपापडी. काम मात्र सकाळी साडेनऊपासून. बोर्ड, म्हणजे दिवसाच्या केसेसची यादी, बघा, नकलांचे अर्ज टाका, पुकारा झाला की "साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत" म्हणून मुदत मागा आणि मुदत मिळाली नाही की बोलणी खा. आपण टिकलो याचं श्रेय मी बरीच वर्षं स्वतःच्या जिद्दीला देत आले. आता हिशोब मांडला की दिसतं, श्रेय वडिलांच्या पगाराचं आणि कोर्टापासून दहा मिनिटांवर असलेल्या मामाच्या घराचं. तिथे जेवण होतं, झोपायला जागा होती आणि लग्नाचा विषय काढणारं कुणी नव्हतं. हे तिन्ही ज्या मुलीला मिळत नाही ती दुसऱ्या वर्षी दिसेनाशी होते. मग आम्हीच म्हणतो, मुलींचं काही खरं नसतं.

वकिलीचं दार आता कुणालाच बंद नाही, असं भाषणात ऐकायला मिळतं. खरंय. पण आत आल्यावर पहिली चार-पाच वर्षं बिनपगारी काढायची ऐपत कुणाच्या घरात असते? उत्तर आपल्या सगळ्यांना आडनावांसकट पाठ आहे.

डॉ. आंबेडकर १९२३ साली लंडनहून बॅरिस्टर होऊन आले. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा नवल भथेना हे पारशी मित्र मदतीला आले. सनद मिळाली, उच्च न्यायालयात उभं राहता आलं आणि ब्रीफ, म्हणजे खटल्यांची कामं, येईनात. ती देणाऱ्या सॉलिसिटर मंडळींना अस्पृश्य बॅरिस्टर नको होता. एवढ्या पदव्यांचा माणूस उत्पन्नासाठी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवत होता. आपण बार रूममध्ये त्यांची तसबीर लावतो, १४ एप्रिलला हार घालतो. त्यांच्या वकिलीची पहिली वर्षं कशी गेली, यावर त्या तसबिरीखाली बसून कधी कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींचंही तेच. ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२ साली दिली, पण बायकांना वकिली करू देणारा कायदा इथे झाला १९२३ साली. तोवर त्या पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या.

सनदेच्या फीचा प्रश्न तर आत्ता कुठे सुटला. राज्याराज्यांच्या बार कौन्सिली हजारोंनी फी घेत होत्या. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यात लिहिलेत तेवढेच घ्या. खुल्या गटासाठी ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. चांगलं झालं. पण १२५ रुपयांत सनद घेतलेल्या मुलाने महिन्याची खोली आणि मेस कशी भागवायची, हे काही कोर्टाने सांगितलं नाही. ते आपण सांगायचंय. आपण बाहुले टाकतो.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. ती फार बरी नाही.

२०१७ साली माझ्याकडे एक मुलगा आला. आईवडील मराठवाड्यातून ऊसतोडीला आलेले आणि इथेच कारखान्याच्या कडेला स्थायिक झालेले. त्यांच्यात वकील झालेला हा पहिला. अक्षर सुंदर, मुदतीचे दिवस तोंडपाठ आणि कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, लिहायचा ती वाचावीशी वाटायची. पहिले पाच महिने मी त्याला एक रुपया दिला नाही. "शिकायला मिळतंय ना रे," हे वाक्य माझ्याच तोंडचं. सहाव्या महिन्यापासून दोन हजार.

एका वाटपाच्या दाव्यात मी त्याला तारखेला पाठवलं. अशिलाने त्याला आडनाव विचारलं. मग गाव. मग "गावात घर की वस्तीवर?" पुढच्या आठवड्यात तो अशील माझ्याकडे येऊन म्हणाला, "वकीलबाई, आमच्या केसला तुम्हीच येत जावा." का, ते मला कळलं होतं. मी "बरं" म्हणाले. फी चांगली होती. मुलाला मी म्हटलं, ती फाईल जरा गुंतागुंतीची आहे, मीच बघते. तो "हो मॅडम" म्हणाला. त्यालाही कळलं होतं.

त्याच सुमाराला एका सीनियरनी भरकोर्टात त्याच्या इंग्रजीची टिंगल केली. 'ॲफिडेव्हिट'चा उच्चार चुकला होता म्हणे. तालुक्याच्या कोर्टाची भाषा १९९८ पासून मराठी आहे! साक्षीदार मराठीत बोलतो, उलटतपास मराठीत होतो, न्यायाधीश मराठी. तरी लायकी मोजायची ती इंग्रजीवर.

दीड वर्षाने तो एका पतसंस्थेत वसुलीच्या नोकरीला लागला. पेढे घेऊन आला होता. मी अभिनंदन केलं आणि मनात म्हटलं, याच्यात चिकाटी नव्हती. खरंच हेच म्हटलं.

वर दिल्लीत निकाल चांगले लागताहेत, नाही म्हणत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकिलांनी सांकेतिक भाषेच्या दुभाषाला सोबत घेऊन सर्वोच्च न्यायालयात काम चालवलं. दृष्टिहीनांना न्यायाधीश होण्यापासून रोखणारा मध्य प्रदेशातला नियम मार्च २०२५ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षी जानेवारीत आदेश आला की प्रत्येक कोर्टात स्त्रिया, पुरुष, अपंग आणि तृतीयपंथी अशा सगळ्यांसाठी स्वच्छतागृहं हवीत. आमच्याकडे महिला वकिलांच्या स्वच्छतागृहाची किल्ली अजून बारच्या शिपायाकडे असते. तो जेवायला गेला की किल्लीही जेवायला जाते.

वागणूक सुधारायला मात्र निधी लागत नाही. आमच्याकडे पूर्वी एक न्यायाधीश होते. एक नवी मुलगी उलटतपासात अडकली, हातातले कागद थरथरायला लागले. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "पाणी प्या. प्रश्न आठवेल, घाई नाही." दोन-तीन मिनिटं गेली असतील. तिला प्रश्न आठवला, चांगला होता. दुसरे एक होते, त्यांचं ठरलेलं वाक्य, "पदवी कुठून आणलीत?" तेही अशिलासमोर. तो अशील पुन्हा त्या वकिलाकडे कशाला येईल? बोलणाऱ्याची गंमत होते, समोरच्याचं महिन्याचं भाडं जातं.

काही सीनियर म्हणतील, तालुक्यात आम्हालाच कुठे मिळतंय. मान्य. सध्या माझ्याकडे दोन मुली आहेत. प्रत्येकीला आठ हजार देते, १ तारखेला, थेट खात्यात. पंधरा माझ्याने होत नाहीत, उगाच खोटं कशाला लिहू. पण बारच्या क्रिकेट स्पर्धेला टी-शर्टसाठी वर्गणी दोन दिवसांत जमते, मग ज्युनियरांसाठी पहिल्या दोन वर्षांचा एक निधी का जमू नये, हे मी पुढच्या सभेत विचारणार आहे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, बसतंय. सहा जिल्ह्यांतल्या मुलांना मुंबईचं भाडं न भरता हायकोर्ट दिसू लागलं. तिथल्या ऑफिसांत कुणाची मुलं बसताहेत, हेही जरा बघू.

तो मुलगा मला गेल्या महिन्यात दिसला. १३८ च्या, म्हणजे चेक न वटल्याच्या केसेसना पतसंस्थेचा प्रतिनिधी म्हणून येतो. संस्थेचे वकील तरुण आहेत, वडिलांचं ऑफिस आहे, सुस्वभावी आहेत. नोटीस पोचल्यावर पैसे भरायला मिळणारे १५ दिवस मोजताना ते गडबडले. आरोपीच्या वकिलाने लगेच धरलं. मागच्या बाकावरून एक चिठ्ठी पुढे गेली. पोचपावतीची तारीख आणि तक्रार दाखल केल्याची तारीख, एकाखाली एक. ते अक्षर मी दुरून ओळखलं. वकिलांनी चिठ्ठी बघून सांगितलं, न्यायाधीशांनी मान डोलावली.

बाहेर आले तर तो व्हरांड्यातल्या बाकावर, मांडीवर फायलींचा गठ्ठा घेऊन बसलेला. मी म्हटलं, "बार रूममध्ये ये, चहा घेऊ."

"नको मॅडम," तो उभा राहत म्हणाला, "तिथं फक्त वकिलांना सोडतात. आणि साडेतीनला दुसरी पुकारायची आहे."

सनद त्याच्याकडे आहे. बार कौन्सिलकडून निलंबित करून घेतलीय, नोकरीसाठी.

मी दोन चहा बाहेरच मागवले.