थ्रेडचं नाव: ‘तीन ओळींचं काम’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकं बारकाईने वाचून लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं असं की थ्रेडला (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांपैकी एकाला) नाव देणं हे तीन ओळींचं काम. तीन सिस्टिमसाठी तीन इफडेफ (सिस्टिम पाहून कोडचा तेवढाच भाग घेणाऱ्या सूचना) टाकले की झालं. मी वेगळं फंक्शन, नाव आखूड करायचा नियम, चाचण्या असा पसारा उगाच मांडला. शिवाय लांब नाव शेवटून कापणं चूक आहे आणि मुख्य थ्रेड मी का वगळला ते कळत नाही.

शेवटून कापण्याबद्दलचं एकदम मान्य. तीन ओळींचं अजिबात नाही.

लिनक्सवर नावाला १६ बाइट मिळतात, त्यातला एक नाव संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्यात जातो. इंग्रजीत ‘थंबनेल-मेकर’ लिहिलं की हायफनसकट नेमके १५ भरतात. आमच्या एका कामात याच नावापुढे १ ते ८ आकडे लावलेले आठ थ्रेड होते. नाव लावणारं फंक्शन पीथ्रेड_सेटनेम_एनपी लांब नाव कापत नाही. ईरेंज ही एरर परत करतं आणि नाव आहे तसंच ठेवतं. ती एरर मी तपासलीच नव्हती. एका रात्री सीपीयू भरला म्हणून ‘टॉप -एच’ (थ्रेडनिहाय सीपीयू दाखवणारी कमांड) लावलं, तर आठही ओळींवर प्रोग्रामचंच नाव, कारण नवा थ्रेड जन्मदात्याचं नाव घेऊन येतो. अडकलेला कोणता, हे शोधायला एकेकाचा स्टॅक (त्या क्षणी चालू असलेल्या फंक्शनांची यादी) काढत बसलो. लिनक्सचंच दुसरं फंक्शन पीआरसीटीएल वापरलं असतं तर त्याने गुपचूप कापलं असतं आणि आठही जण नुसते ‘थंबनेल-मेकर’ झाले असते. तुमचा मुद्दा इथेच पटतो. आता आधी आकड्याची जागा राखतो, उरलेल्यात नाव बसवतो.

इफडेफचं म्हणाल, तर फरक नुसता फंक्शनच्या नावाचा नाही. मॅकवर तेच फंक्शन फक्त नाव घेतं, म्हणजे थ्रेड स्वतःलाच नाव देऊ शकतो. बाहेरून द्यायची सोयच नाही. नेटबीएसडी या युनिक्ससारख्या सिस्टिमवर त्याला तीन आर्ग्युमेंट, त्यातलं दुसरं प्रिंटएफच्या धाटणीचं, म्हणजे मागून मजकूर भरायचा साचा. विंडोजवर सेटथ्रेडडिस्क्रिप्शन आलं ते विंडोज १०च्या १६०७ आवृत्तीत, तेही यूटीएफ-१६ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची एक पद्धत) मागतं. थेट लिंक केलं तर जुन्या विंडोजवर प्रोग्राम सुरूच होत नाही, म्हणून ते फंक्शन प्रोग्राम चालू असताना शोधावं लागतं. हे सगळं पाहूनच मी ठरवलं की थ्रेड सुरू झाल्याझाल्या त्याने स्वतःच नाव लावायचं.

आणि मराठी नावं? ‘मुद्रण’ घ्या. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइट खातं, उकार आणि हलन्तसुद्धा. म, उकार, द, हलन्त, र, ण मिळून १८. कापलं की उरतं ‘मुद्र’. आधी नुसतं एक हायफन लावा, की कात्री ‘र’च्या पोटातून जाते आणि लॉगमध्ये कचरा दिसतो. चाचण्या त्यासाठी आहेत.

मुख्य थ्रेड मुद्दाम वगळलाय. लिनक्सवर त्याचं नाव बदललं की पीकिल (नावावरून प्रोसेस थांबवणारी कमांड) ज्या नावाने प्रोसेस शोधतं तेच बदलतं, आणि जुन्या स्क्रिप्टला आपला प्रोग्राम सापडेनासा होतो.