‘आधी ऐकून बघा, मग बोला’: हो, पण ऐकायचं कसं?

हाय-एंड ऑडिओच्या, म्हणजे घरी संगीत ऐकायच्या महागड्या यंत्रणांच्या, हौशी मंडळींत एक म्हणणं वर्षानुवर्षं हातोहात फिरतं आहे. छंदात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला हल्ली तोच पहिला धडा मिळतो. थोडक्यात ते असं: आवाज मोजून कळत नाही, ऐकूनच कळतो. ज्यानं महागडी केबल स्वतःच्या घरी लावून ऐकली नाही, त्यानं थिअरी सांगू नये. कान फसत नाहीत. उपकरणांना सगळं मोजता येत नाही. आणि पडद्याआडच्या चाचणीत फरक कळला नाही तर दोष चाचणीचा, कारण ताणाखाली कान नीट चालत नाहीत.

या धड्यापायी पगारातून पैसे साठवणारी मुलं चांगले स्पीकर घ्यायचे सोडून तारांवर खर्च करतात. मला ते बघवत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘न ऐकता बोलू नये.’ शंभर टक्के मान्य. पण ज्यांना पुस्तकी म्हणून हिणवलं जातं, त्यांनी केलेलं ऐकणं तरी बघा. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी आधी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि नंतर स्पीकर बनवणाऱ्या हरमन कंपनीत उभं आयुष्य माणसांना स्पीकर ऐकवण्यात घालवलं. १९९४ साली त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी हरमनच्याच ४० कर्मचाऱ्यांना चार स्पीकर दोन पद्धतींनी ऐकवले: एकदा डोळ्यांदेखत, एकदा पडद्याआड. स्पीकर दिसत असताना मोठ्या, देखण्या स्पीकरना जास्त गुण मिळाले आणि छोट्या, स्वस्त संचाला कमी. पडदा लावल्यावर हे अंतर बरंच घटलं. कान तेच होते, स्पीकरही तेच.

पुढे २००४ मध्ये ऑलिव्ह यांनी ७० स्पीकरांची मोजमापं आणि पडद्याआड बसलेल्या श्रोत्यांची पसंती शेजारी-शेजारी मांडली. निव्वळ मोजमापांवरून बांधलेला अंदाज आणि प्रत्यक्ष पसंती यांचा सहसंबंध ०.८६ निघाला (तंतोतंत जुळलं तर तो १ असतो). मोजमाप आणि कान यांचं खरोखर वैर असतं, तर हे जुळलंच नसतं.

‘कान फसत नाहीत.’ इथे मोबाइल फिडेलिटीचं प्रकरण आठवायला हवं. ही अमेरिकन कंपनी जुन्या अल्बमच्या महागड्या एलपी काढते. मूळ टेपवरून थेट तबकडी, मध्ये कुठेही डिजिटल नाही, याच समजुतीनं लोक त्या घेत आणि डिजिटलचा स्पर्श झालेली तबकडी आपल्याला लगेच ओळखू येते, असं छातीठोकपणे सांगत. जुलै २०२२ मध्ये फिनिक्स शहरातल्या एका रेकॉर्ड दुकानाचे मालक माइक एस्पोझिटो यांनी या समजुतीला जाहीरपणे आव्हान दिलं आणि कंपनीच्या इंजिनिअरांनी त्यांच्यासमोर कबुली दिली: टेप आधी डीएसडी या डिजिटल स्वरूपात उतरवली जाते आणि मग तबकडी कापली जाते. हे २०११ पासून चालू होतं. प्रकरण पुढे कोर्टात गेलं आणि अडीच कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटलं.

शंका आली होती ती कशावरून? मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या ४०,००० प्रती काढायचं जाहीर झालं आणि जाणकारांनी हिशेब केला की एवढ्या प्रतींसाठी मूळ टेप इतक्यांदा चालवायला कुणी देणार नाही. म्हणजे उलगडा झाला तो उत्पादनाच्या आकड्यांवरून. अकरा वर्षं ऐकणाऱ्या कानांना तो झाला नव्हता. त्या तबकड्या वाईट होत्या असं मुळीच नाही. त्या उत्तम वाजत आणि कानांनी त्याबद्दल दिलेला कौल खराच होता. चूक होती ती त्या उत्तमपणाचं कारणही कानाला कळतं असं मानण्यात.

दुसरी फसगत आवाजाच्या पातळीची. अर्धा डेसिबल जास्त वाजणारा अँप्लिफायर ‘मोठा’ वाटत नाही, तो ‘मोकळा’ वाटतो, ‘जिवंत’ वाटतो. दुकानातल्या बहुतेक तुलना इथेच निकालात निघतात.

‘दोनशे तास वाजल्यावर केबल खुलते’ याबद्दल एवढंच: दोनशे तासांत ऐकणाऱ्याचा कान त्या आवाजाला सरावतो. केबल खुलली म्हणायचं असेल तर तशीच एक न वाजवलेली केबल शेजारी हवी.

‘मोजमापात सगळं येत नाही.’ केबलच घेऊ. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ मिळणारी अडीच चौरस एमएमची तांब्याची वायर घ्या. तिचा रोध मीटरला साधारण ७ मिलिओहम. स्पीकर पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे ०.०७ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरवर त्यानं पडणारी घट ०.१ डेसिबलहूनही कमी. आता तेवढ्याच अंतराला अर्ध्या चौरस एमएमची लाल-काळी वायर लावा. रोध ०.३४ ओहम होतो. स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे त्याचा विजेला होणारा विरोध, आवाजाच्या सगळ्या पट्ट्यांत सारखा नसतो. समजा तो कुठे ३ ओहमपर्यंत उतरतो आणि कुठे ३० पर्यंत चढतो. पहिल्या ठिकाणी जवळजवळ एक डेसिबल कमी होईल, दुसऱ्या ठिकाणी फक्त ०.१. स्पीकरचा तोलच बदलला, आणि हा बदल ऐकू येऊ शकतो.

म्हणजे ‘तार ती तार, फरक पडूच शकत नाही’ असं हिशेब न करता ठोकून देणारेही तितकेच चुकतात. केबलनं फरक पडू शकतो. कधी आणि किती, ते मीटर सांगतो. त्या ०.३४ ओहमवर उपाय म्हणजे जाड वायर. ती मीटरमागे काही रुपयांनीच महाग पडते.

‘ब्लाइंड टेस्टमध्ये, म्हणजे पडद्याआडच्या चाचणीत, ताणामुळे फरक लपतात.’ हा त्यातल्या त्यात विचार करण्याजोगा आक्षेप. पण संगीत कमी जागेत बसवणारे कोडेक याच पद्धतीनं घासूनपुसून तयार झाले. ऐकू येतील-न येतील असे बारीक दोष पकडण्यासाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं बीएस.१११६ हे मानक आहे, आणि त्यात चाचणी ब्लाइंडच असते. २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी हाय-रेझोल्यूशन ध्वनी आणि त्याच ध्वनीची सीडीच्या दर्जाला उतरवलेली आवृत्ती यांची तुलना करवली. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली. नाणेफेकीतही तेवढीच येतात. पण २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशा १८ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा बरोबर उत्तरं ५२.३ टक्के निघाली, आणि आधी सराव दिलेल्या श्रोत्यांची साधारण ६० टक्के. इतका पुसट फरकही याच पद्धतीनं सापडला. ती फरक लपवते, असं मग कसं म्हणायचं?

घरी करायला फार सामान लागत नाही. दोन अँप्लिफायर असतील तर १०० हर्ट्झचा टोन वाजवून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर धरा आणि दोन्हीकडे २.०० व्होल्ट येईपर्यंत आवाज जुळवा, २.०२ पर्यंत चालेल. मग दुसऱ्या कुणीतरी नाणं उडवून, तुम्हाला न दिसता, एक निवडून वाजवावा. १६ पैकी १२ वेळा ओळखलंत तर ते निव्वळ नशिबानं होण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी.

आणि ताण येतो म्हणत असाल तर घाई नकोच. घरातल्या कुणाला तरी केबल रॅकमागे कापडाखाली लावू द्या. कुठल्या आठवड्यात कुठली लावली ते त्यांनी त्यांच्या वहीत लिहावं. तुम्ही तुमच्या खुर्चीत, तुमच्या आवडीचं, हवं तेव्हा ऐका आणि आठवड्याअखेर एकच अंदाज लिहा. सोळा आठवड्यांनी दोन्ही वह्या समोरासमोर ठेवा. अंदाज बरोबर निघाले, तर रोध, कपॅसिटन्स मोजून कारण शोधायला मी मीटर घेऊन आनंदानं तुमच्या घरी येईन.