मेलेल्या चिपची कॉपी कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

बायोस (संगणक सुरू करणारा, मदरबोर्डावरचा प्रोग्रॅम) बिघडून मेलेला बोर्ड मी कसा उठवला, त्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. लेखात मी म्हटलं होतं, प्रोग्रामर (चिप वाचणारं आणि लिहिणारं छोटं यंत्र) घ्या आणि आधी बिघडलेल्या चिपची कॉपी काढा. तुमचं म्हणणं असं: भाच्याचा बोर्ड तुम्ही नुसती बॅटरी काढून उठवलात, तेव्हा लोकांना प्रोग्रामर घ्यायला लावणं म्हणजे उगाच घाबरवणं. बिघडलेल्या चिपची कॉपी काढणं हा वेळेचा अपव्यय. आणि स्वस्तातला काळा प्रोग्रामर चिप जाळू शकतो, हे मी लपवलं.

लपवलं नाही, राहून गेलं. पण चूक माझीच. त्या काळ्या सीएच३४१ए प्रोग्रामरमधून चिपला पुरवठा ३.३ व्होल्टचा जातो, डेटाच्या पिनांवर मात्र ५ व्होल्ट येतात. माझी चिप तगली हे नशीब. १.८ व्होल्टच्या चिपला तर तो थेट लावूच नये, मध्ये अडॅप्टर हवाच. चिपवरचा नंबर भिंगातून वाचा, डेटाशीट (चिपचं माहितीपत्रक) बघा, मग क्लिप (चिपचे पाय पकडून तिला प्रोग्रामरशी जोडणारा चिमटा) लावा. मूळ लेखात हे आज घातलं आहे.

बॅटरीचं पटत नाही. ती काढल्यावर पुसली जातात ती सेटिंग्ज. बायोस असतो आठ पायांच्या फ्लॅश चिपमध्ये, आणि त्याला बॅटरीशी काही देणंघेणं नसतं. बोर्डाच्या मागे फ्लॅशबॅकचं (बायोस परत भरायचं) बटण असेल तर पेनड्राइव्हवर काम भागतं, क्लिपच्या वाटेला जाऊच नका. माझ्या बोर्डाला ते नव्हतं.

आता कॉपी. बायोसचं अपडेट निम्म्यावर असताना वीज गेली. यूपीएस मेलेला आहे हे मला महिनाभर ठाऊक होतं, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? पंखा फिरत होता, डिस्प्ले नाही. चिप डब्ल्यू२५क्यू६४, म्हणजे ८ एमबीची. दोनदा वाचली आणि दोन्ही कॉप्या वेगळ्या निघाल्या! क्लिपमधून जाणारी वीज चिपबरोबर बोर्डावरचे बाकीचे भागही ओढत होते, आणि क्लिप बसली होती तिरकी. एसएमपीएसची (संगणकाला वीज देणाऱ्या डब्याची) केबल आणि बॅटरी काढली (हो, इथे बॅटरी काढायचीच असते), क्लिप परत बसवली, तेव्हा कुठे सलग तीन कॉप्या जुळल्या.

कॉपी हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडली तर पानंच्या पानं एफएफ एफएफ, म्हणजे पुसलेली कोरी जागा. पण हेक्स १००० या जागी सहा बाइट शाबूत होते: बोर्डाच्या इंटेल लॅनचा मॅक अॅड्रेस (नेटवर्कवर बोर्ड ओळखायचा पत्ता), बोर्डावरच्या स्टिकरशी तंतोतंत जुळणारा. अपडेटने बायोसचा भाग पुसायला घेतला होता, शेजारच्या भागाला हात लावला नव्हता. बोर्डाच्या कंपनीने दिलेल्या बायोस फाइलमध्ये त्याच जागी होतं ८८:८८:८८:८८:८७:८८. ती फाइल तशीच चिपमध्ये टाकली असती तर बोर्ड उठला असता, पण हा उसना पत्ता घेऊन. असे दोन बोर्ड एका नेटवर्कवर आले की भांडतात, आणि कारण शोधायला आठवडा जातो.

शिवाय ती फाइल ८३,९०,६५६ बाइटची होती आणि चिपमध्ये मावतात ८३,८८,६०८. सुरुवातीचं २०४८ बाइटचं वेष्टण कापलं, माझे सहा बाइट त्यात बसवले, लिहिलं, पडताळलं. पहिल्याच खेपेला डिस्प्ले आला.

भाच्याला एवढं विचाराल का? त्याचं अपडेट खरंच मध्ये तुटलं होतं, की रॅमचा वेग वाढवताना बोर्ड अडकला होता, म्हणजे बिघाड नुसत्या सेटिंग्जचा होता?