परदेशातून : सभेत माईक कोण धरणार?

"ज्याला ऐकूच येत नाही तो सभेत माईक घेऊन करणार काय बे?" सोलापूरहून मावसभाऊ फोनवर विचारत होता. तीन निवडणुका बूथ सांभाळल्यामुळे राजकारणात आपलाच शब्द शेवटचा, असं त्याचं ठाम मत आहे.

विषय मीच काढला होता. आमच्या आउग्सबुर्ग भागातल्या हाइके होयबाख 2024च्या मार्चमध्ये जर्मनीच्या संसदेत गेल्या. तिथल्या त्या पहिल्या कर्णबधिर खासदार. ऑक्टोबरमध्ये त्यांनी पहिलं भाषण हातांनी, जर्मन खुणांच्या भाषेत केलं. दुभाषी ते आवाजात सांगत होता. विषय होता घरबांधणीचा कायदा. मला सगळ्यात आवडलं ते हेच, की बाई दुसऱ्या कुठल्याही खासदारासारख्या घरांवर बोलल्या. भावाला मी विचारलं, आपल्याकडे कुणी कर्णबधिर माणूस पंतप्रधान होईल का? त्यावर त्याचं हे माईकचं उत्तर.

"ऐकू येणारे पुढारी तरी कुठे ऐकतात?" हा विनोदही त्याने केला. मला तो आता नकोसा झालाय. त्यात बहिरेपणाचा अर्थ बेफिकिरी असा होतो, आणि खऱ्या बहिऱ्या माणसाच्या वाट्याला काहीच येत नाही.

शिवाय दुभाष्याचं नवल सोलापूरकराने करावं? आमचं घर पूर्व भागातलं. घरात तेलुगू, शाळेत मराठी, पलीकडच्या गल्लीत कन्नड, बाजारात उर्दू. मराठीत बोलणाऱ्या उमेदवाराची गोष्ट कुणीतरी शेजारी उभं राहून आमच्या आजीला तेलुगूत सांगायचं. उमेदवाराला तेलुगू येत नाही म्हणून तो नालायक, असं आजी कधी म्हणाली नाही. (दिलेलं आश्वासन मात्र पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवायची.) त्या चार भाषांत पाचवी हातांची आली तर एवढं काय बिघडतं?

खरं तर ती आलेलीच होती. वडील यंत्रमागावर होते. कारखान्यात वीसेक माग एकदम चालले की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडूनही उपयोग नसायचा. म्हणून खुणा. मनगटावर टिचकी म्हणजे सुट्टी झाली, दोन बोटं हवेत तोडली म्हणजे धागा तुटला, मुठीवर मूठ म्हणजे मालक आला. डबा द्यायला गेलो की मीही तसाच बोलायचो. पन्नाशीनंतर वडिलांचे कान गेले. पूर्व भागात ही काही बातमी नव्हे.

इथलं, जर्मनीतलं, सगळं सोन्याचं, असंही नाही. 1933च्या कायद्याने याच देशात आनुवंशिक बहिरेपण असलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी झाली. खुणांच्या भाषेला कायद्याने मान्यता मिळाली 2002मध्ये, आणि खासदार मिळायला पुढची बावीस वर्षं गेली. युगांडात अलेक्स न्दीझी 1996मध्येच खासदार झाले होते, दक्षिण आफ्रिकेत विल्मा न्यूहाउट-ड्रुचेन 1999मध्ये. त्यामुळे "श्रीमंत देशांना परवडतं" हे भावाचं दुसरं वाक्यही मी मानलं नाही. युगांडाने अपंगांसाठी संसदेत जागाच राखून ठेवल्या.

आपल्या घटनेच्या 84व्या अनुच्छेदात खासदार व्हायला नागरिकत्व, वय आणि शपथ लागते. कानांचा उल्लेख नाही. सर्वोच्च न्यायालयात 2023मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील खुणांच्या दुभाष्यासह उभ्या राहिल्या. मग अडतं कुठे? माझ्या मते शाळेत. सोलापूरच्या कोर्टात शिपाई असलेले सुशीलकुमार शिंदे देशाचे गृहमंत्री झाले, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण शिपायाची नोकरी करत त्यांना शिकता आलं, कारण वर्गात बोलली जाणारी भाषा त्यांना कळत होती. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या घरी जन्मतात. घरात कुणालाच खुणांची भाषा येत नाही, आणि शाळेतही ती मिळाली नाही तर त्या मुलाचं पहिलं वाक्यच राहून जातं. भाषणाचा प्रश्न त्याच्या फार पुढचा. भारतीय सांकेतिक भाषेची संशोधन व प्रशिक्षण संस्था दिल्लीत 2015मध्ये निघाली. मला हवंय ते तिच्यातून निघालेलं काहीतरी जिल्ह्याच्या शाळेत पोचलेलं.

पंतप्रधान माझ्या हयातीत होईल असं वाटत नाही. नगरसेवक मात्र होऊ शकतो, तेही आमच्याच प्रभागातून. दुभाष्याचे पैसे महापालिकेने द्यावेत, उमेदवाराच्या बायकोने किंवा भावाने फुकट राबू नये, एवढीच माझी अट. भाऊ म्हणाला, "बघू." बूथवाल्याचं "बघू" म्हणजे अर्धा होकार.

वडिलांना होयबाखबाईंच्या भाषणाची चित्रफीत पाठवली होती. रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांना विचारलं, कसं वाटलं? त्यांनी आवाज लावलाच नव्हता, अर्थात. म्हणाले, "बाई झकास बोलते. पण मधेच तिने मुठीवर मूठ ठेवली बघ. मालक आला होता काय रे तिथं?"