निंजाने काळेच कपडे घालायचे, हे कोणी ठरवलं?

दर शनिवारी रात्री मी आणि माझा भाचा एखादा जुना निंजापट लावून बसतो. या शनिवारी तो आलाच नाही. एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, आपण इतके दिवस खोटंच बघत होतो." फॉरवर्डचं म्हणणं असं: खरे निंजा फक्त काळे कपडे घालत, ऐंशीच्या दशकातल्या स्वस्त सिनेमांनी पांढरे-लाल निंजा दाखवून जपानची परंपरा नासवली. नटांना मारामारी येत नव्हती. सगळे सिनेमे एकाच माणसाने जुनी रिळं जोडून काढले. आणि हे आवडणाऱ्यांना सिनेमा कळत नाही.

काळ्या कपड्यांपासूनच सुरुवात करू, कारण हेच सर्वांत निराधार आहे. निंजा म्हणजे जुन्या जपानमधले हेर, आणि हेराचं कामच मुळी गर्दीत मिसळून जायचं. 'शोनिंकी' या १६८१च्या जपानी ग्रंथात हेरांसाठी सात वेषांतरं दिली आहेत: भिक्षू, व्यापारी, खेळ करून दाखवणारे, साधी माणसं. बुरखा घालून भर बाजारात फिरणारा हेर पहिल्याच नाक्यावर पकडला गेला असता. काळा निंजा रुजला तो रंगमंचावरून आणि चित्रांतून. स्टीफन टर्नबुल या ब्रिटिश इतिहासकाराने १९९१ मध्ये निंजांची 'खरी कहाणी' म्हणून पुस्तक लिहिलं आणि २०१७ मध्ये त्यानेच दुसरं पुस्तक लिहून सांगितलं, की आपण ओळखतो तो निंजा बहुतांशी नंतर रचलेला आहे. आपलंच जुनं पुस्तक खोडणाऱ्या अभ्यासकावर मी विश्वास ठेवतो, नाव-गाव नसलेल्या फॉरवर्डवर नाही. शिवाय १९६०च्या दशकात खुद्द जपानमध्येच निंजांच्या सिनेमांची लाट आली होती. मग १९८१च्या 'एंटर द निंजा'मध्ये नायक फ्रँको नीरोला पांढरे कपडे घातले म्हणून नेमकं काय नासलं?

मारामारीचं म्हणाल तर त्याच सिनेमात काळ्या कपड्यांतला शो कोसुगी हा जपानी नट बघा. नीरोच्या जागी मारामारी करणारा माइक स्टोन हा कराटेतला नावाजलेला खेळाडू होता. 'अमेरिकन निंजा' या सिनेमाचा नायक मायकेल डुडिकॉफ मात्र कराटेवाला नव्हता, एवढं कबूल.

रिळं जोडल्याचंही अर्धं खरं आहे. हाँगकाँगचा दिग्दर्शक गॉडफ्री हो याने 'निंजा टर्मिनेटर'मध्ये एका कोरियन सिनेमात रिचर्ड हॅरिसन या अमेरिकी नटाचे निंजा प्रसंग घुसडले, आणि असे सिनेमे त्याने ढिगाने काढले. पण वर सांगितलेले दोन्ही सिनेमे कॅनन या सिनेमा कंपनीचे, फिलिपिन्समध्ये रीतसर शूट केलेले. त्यांचा गॉडफ्री होशी काडीचा संबंध नाही.

राहिलं सिनेमा कळण्याचं. 'निंजा ३' (१९८४) मध्ये गोल्फच्या मैदानावर एक निंजा पोलिसांच्या अख्ख्या तुकडीशी लढतो, झाडावरून हेलिकॉप्टरवर झेपावतो, मरतो आणि टेलिफोनच्या तारा दुरुस्त करणाऱ्या बाईच्या अंगात शिरतो. पैसे कमी, गोष्ट अचाट, पण एकही नट ते हसण्यावारी नेत नाही. स्टंटवाले जीव तोडून पडतात, आणि ते पडणं खऱ्या माणसाचं आहे हे डोळ्यांना दिसतं. भाच्याला आणि मला हेच आवडतं.

येत्या शनिवारी तोच लावतोय. नऊ वाजता ये.